भिंतीची तपासणी कधी?

घरकुल मागायला आलेल्या बाईकडून सरकार काय काय मागतं, ते एकदा सलग वाचा. आधार कार्ड. बँकेचं पासबुक. आठ अ चा उतारा. रोजगार हमीचं जॉब कार्ड. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. पक्कं घर नसल्याचं शपथपत्र. मोबाइलवर आलेला ओटीपी, आणि आवास प्लसच्या नव्या सर्वेक्षणापासून अॅपसमोर चेहरा धरून पटवलेली ओळख. मंजुरी मिळाली की मोकळ्या जागेचा फोटो, जोत्याचा फोटो, छताला पोचलेल्या भिंतींचा फोटो, पूर्ण झालेल्या घराचा फोटो, आणि प्रत्येक फोटोवर अक्षांश-रेखांश.

आता त्याच घराच्या स्लॅबकडून सरकार काय मागतं ते बघा. काहीही नाही. वाळूत माती किती होती, वीट किती भाजली होती, सिमेंटचं पोतं किती महिने पडून होतं, स्लॅबवर पाणी किती दिवस मारलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर हप्ता सोडणाऱ्या फाइलला लागत नाही. हप्ता फोटोवर सुटतो. फोटोत भिंतीची उंची दिसते, ताकद दिसत नाही.

हे उलटं व्हायला हवं. माणसाला कमी तपासा, भिंतीला जास्त तपासा. आणि भिंत तपासणाऱ्याच्या फुप्फुसात विष जाणार नाही अशा पद्धतीने तपासा.

*

कागद उशिरा हलला की काँक्रीट कच्चं राहतं. मंत्रालयात या दोन गोष्टी दोन वेगळ्या विभागांत बसतात. गावातल्या गवंड्याला त्या एकाच ओट्यावर दिसतात.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. ते हप्त्याहप्त्याने येतात. पहिला हप्ता आला की कुटुंब जुनं मातीचं घर पाडतं, कारण बहुतेकांकडे दुसरी जागाच नसते. पाया भरतो, जोतं येतं. मग फोटो, मग पडताळणी, मग वाट बघणं. घर पाडलेलं कुटुंब ताडपत्रीखाली राहतं आणि पहिल्या पैशातून घेतलेल्या सिमेंटची उरलेली पोती त्याच ताडपत्रीखाली राहतात. सिमेंट हवेतली ओल ओढून घेतं. नीट साठवलं तरी तीन महिन्यांत त्याची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. जमिनीला टेकून ठेवलेल्या पोत्याची पावसाळ्यात किती जात असेल, याचा अंदाज कुणीही करावा. पोत्यात गुठळ्या होतात. मोठा बिल्डर असं पोतं परत पाठवतो. घरकुलाचा मालक गुठळ्या फोडतो, चाळतो आणि तेच वापरतो, कारण नव्या पोत्याचे पैसे पुढच्या हप्त्यात अडकलेले असतात.

पुढे स्लॅबचा महिना येतो. हप्ता कधी पडेल हे कुटुंबाच्या हातात नसल्यामुळे स्लॅब कधी पडेल हेही त्यांच्या हातात नसतं. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरड्या पट्ट्यात तो एप्रिल-मेमध्ये पडला तर काय होतं? काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस 456, सांगतं की साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान 7 दिवस ओल हवी आणि राखमिश्रित सिमेंटला किमान 10 दिवस. गावच्या दुकानात सहज मिळतं ते बहुतेक राखमिश्रितच. म्हणजे दहा दिवस. ज्या वस्तीला टँकरचं पाणी हंड्याने मोजून मिळतं, तिथे घरातली बाई दहा दिवस स्लॅबवर पाणी ओतणार आहे का? ती ते पाणी मुलांना प्यायला देते, आणि तेच बरोबर आहे. पण ओल तुटली की सिमेंटची क्रिया अर्ध्यात थांबते, पृष्ठभागाला बारीक तडे जातात, पुढच्या पावसात पाणी सळईपर्यंत पोचतं आणि गंज सुरू होतो. पाच-सात वर्षांनी छताची खपली पडते तेव्हा सगळे गवंड्याला शिव्या देतात. खपलीचं कारण त्या सात वर्षांआधीच्या फाइलमध्ये असतं.

पहिला हप्ता मंजुरीनंतर सात कामकाजी दिवसांत द्यावा, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. घर 12 महिन्यांत पुरं करावं, असंही लिहिलेलं आहे. मग मधल्या हप्त्यांनाही तशीच कडक तारीख लावा. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्याखाली दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरवून दिलं जातं आणि उशीर केला तर अधिकाऱ्याला दंड होतो. जोत्याचा फोटो चढवल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंतचे दिवस त्याच पद्धतीने मोजा. आणि उन्हाळ्यात स्लॅब पडलेल्या घराला दहा दिवसांचं पाणी गावाच्या टँकरच्या हिशेबात धरा. पंचवीस चौरस मीटरचं छत, वर बांध घालून साठवलेलं पाणी आणि ओली गोणपाटं, एवढंच लागतं. सरकारने लाखभर रुपये घातलेलं घर तेवढ्या पाण्यावाचून कच्चं सोडणं ही उधळपट्टी आहे.

*

लाखभर म्हणालो, त्यावरही दोन शब्द. 1 लाख 20 हजारांचा आकडा 2016 मध्ये ठरला आणि तेव्हापासून हललेला नाही. सिमेंट, सळई, मजुरी तिथे थांबलेली नाही. राज्याने 2025 मध्ये स्वतःचे 50 हजार वर घातले, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी. चांगली गोष्ट आहे. पण शहरातल्या घराला अडीच लाख आणि गावातल्या घराला ती भर धरूनही दोन लाखांच्या आत, हा फरक कशावर उभा आहे? पोतं गावात स्वस्त मिळत नाही. वाहतूक धरली तर महागच पडतं.

*

आता प्रयोगशाळेत चला. काँक्रीटचा क्यूब म्हणजे 15 सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा, वजन साधारण आठ किलो. साच्यात तीन थरांत काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईचे 35 ठोके. दुसऱ्या दिवशी साचा सोडून ठोकळा पाण्याच्या टाकीत. सातव्या दिवशी काही फोडायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचे. स्लॅबसाठी किमान मानलेल्या एम 20 काँक्रीटच्या क्यूबने यंत्राखाली साधारण 45 टनांचा भार सोसला पाहिजे. साधी, प्रामाणिक चाचणी आहे ही. मशीनखाली ठोकळा खोटं बोलू शकत नाही. खोटं बोलतात ती माणसं. चाचणीचे क्यूब वेगळ्या, जास्त सिमेंटच्या मालातून भरून ठेवायचे आणि स्लॅबला दुसरा माल ओतायचा, हा बांधकामातला जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला गुन्हा आहे.

आयएस 456 प्रमाणे पाच घनमीटरपर्यंतच्या काँक्रीटला एक नमुना पुरतो, आणि एक नमुना म्हणजे तीन क्यूब. घरकुलाचा पंचवीस चौरस मीटरचा स्लॅब तीन घनमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे एका घरकुलाला देशाच्या मानकाप्रमाणे फक्त तीन क्यूब लागतात. पंचवीस किलोचा ऐवज. मोटरसायकलवर बसतो. तेवढंही आपण करत नाही.

पण प्रत्येक घराचे तीन क्यूब फोडा, असंही मी म्हणणार नाही. हिशेब मांडून बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्यात बालेवाडीला राज्यातल्या 20 लाख कुटुंबांना घरकुलाची मंजुरीपत्रं दिली गेली. वीस लाख घरं, साठ लाख क्यूब. आठ किलोच्या हिशेबाने 48 हजार टन काँक्रीट फक्त फोडण्यासाठी तयार करायचं. एका क्यूबमध्ये किलोभर सिमेंट जातं, म्हणजे सहा हजार टन सिमेंट चाचणीच्या टाकीत. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण आठ टक्के धरला जातो. तपासणीच्या नावाखाली आणखी एवढं सिमेंट भाजणं शहाणपणाचं नाही.

यावर उपाय माहितीतला आहे. गावातल्या दहा घरांमागे एका घराचे तीन क्यूब, आणि ते घर कोणतं हे स्लॅबच्या सकाळी ठरवायचं, आदल्या दिवशी नाही. बाकी नऊ घरांवर स्प्रिंगचा हातोडा चालवायचा. रिबाउंड हॅमर म्हणतात त्याला. काँक्रीटवर टेकवून दाबला की आतलं वजन आपटून उसळतं आणि उसळीचा आकडा दिसतो. काही फुटत नाही, काही फेकावं लागत नाही, रसायन लागत नाही. त्याच्या मर्यादा पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. ताकदीचा अंदाज पंचवीस टक्क्यांपर्यंत चुकू शकतो असं मानकच सांगतं. पृष्ठभाग ओला असेल तर आकडा बदलतो, जुन्या काँक्रीटची साल कडक झालेली असते तेव्हाही बदलतो. म्हणून त्या आकड्यावर घर पास-नापास करायचं नाही. एका गावात सारख्याच वयाचे नऊ स्लॅब तपासले आणि त्यातले दोन बाकीच्यांपेक्षा फारच खाली निघाले, तर त्या दोघांकडे परत जायचं. तिथे ध्वनिलहरींची चाचणी करायची; काँक्रीट जितकं भरीव, तितकी लहर वेगाने पार होते. त्यातही शंका उरली तरच कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, कापून काढायचा. असा क्रम लावला तर फोडाफोड अगदी थोडी उरते आणि तपासणी सगळ्या घरांपर्यंत पोचते.

हे करायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न ऐकू येतोच आहे. तालुक्याला ग्रामीण गृहनिर्माण अभियंते आहेत. आज त्यांचा दिवस फोटो चढवण्यात जातो. त्यांच्या हातात हातोडा द्या. जिल्ह्याला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, तिथे क्यूब फोडायचं यंत्र असतंच. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था 1959 पासून धरणांचं, रस्त्यांचं साहित्य तपासते आहे. तिने गरिबाच्या घरासाठी चार पानांची, चित्रांची, गवंड्याला कळेल अशी पुस्तिका काढली तर ते काम धरणाइतकंच मोलाचं ठरेल.

*

प्रयोगशाळेत फोडलेल्या क्यूबचं पुढे काय होतं? मागच्या अंगणात ढीग होतो, ढिगाचं भरावात रूपांतर होतं. आयएस 383 या खडी-वाळूच्या मानकाने 2016 सालीच जुन्या काँक्रीटची फोडलेली खडी वापरायला परवानगी दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम 25 पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के, आणि पायाखालच्या हलक्या थरात शंभर टक्के. ज्या प्रयोगशाळा दुसऱ्यांच्या मालाला ही टक्केवारी लावतात, त्यांनी स्वतःच्या ढिगापासून सुरुवात करावी. प्रयोगशाळेच्या आवारातले पेव्हर ब्लॉक तरी त्यातून व्हावेत.

*

विषाचं सांगायचं राहिलं, आणि ते या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं.

घरकुलांच्या वसाहतीपर्यंत जाणाऱ्या रस्त्यात डांबर किती टक्के आहे हे कसं तपासतात? रस्त्याचा तुकडा घेतात, डांबर विरघळवणारं रसायन त्यावर ओततात, फिरत्या भांड्यात घुसळतात, काळं पाणी बाहेर काढतात, पुन्हा रसायन ओततात. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालतं. रसायन कोणतं? बेंझिन, पेट्रोल, ट्रायक्लोरोएथिलिन. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे किती जुनं ज्ञान आहे. ट्रायक्लोरोएथिलिन मानवात कर्करोग घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेलं आहे. त्याचा मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी संबंध पक्का मानला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये त्यावर बंदीचा अंतिम नियम काढला. आपल्याकडे रस्त्याच्या डांबराचं मानक, आयएस 73, आजही विचारतं की हे डांबर ट्रायक्लोरोएथिलिनमध्ये किमान 99 टक्के विरघळतं का. म्हणजे ते रसायन प्रयोगशाळेत ठेवणं नियमातच बसवलेलं आहे.

ते भांडं फिरवतो कोण? अहवालावर सही करणारे साहेब नाहीत. फिरवतो तो प्रयोगशाळेतला मदतनीस, बऱ्याच ठिकाणी कंत्राटावरचा. जिथे वाफ ओढून घेणारं कपाट नाही, तिथे ती वाफ त्याच्याच नाकात जाते. त्याचं नाव अहवालावर नसतं. संध्याकाळी तो ज्या भाड्याच्या खोलीत परत जातो, तिथून तोही घरकुलाच्या किंवा सोडतीच्या अर्जाच्या रांगेत उभा असण्याची शक्यता बरीच आहे.

याला पर्याय गेली तीस वर्षं आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या डांबर संशोधन केंद्रात 1990 च्या दशकात भट्टीची पद्धत विकसित झाली. रस्त्याचा नमुना साधारण 540 अंश सेल्सिअसला तापवायचा. डांबर जळून जातं, खडी उरते, वजनातला फरक म्हणजे डांबर. द्रव रसायनाचा थेंब लागत नाही. भट्टीला वीज लागते आणि धुराला नीट धुराडं लागतं, हे मान्य. चुनखडीच्या खडीत उष्णतेने दगडाचंही वजन घटतं आणि हिशेब दुरुस्त करावा लागतो. महाराष्ट्राच्या काळ्या कातळात ती अडचण बरीच कमी आहे. इतका सोयीचा दगड पायाखाली असलेल्या राज्याने अजून वाफा हुंगत बसावं, याचा मला राग येतो. ज्यांना भट्टी परवडत नाही त्यांच्यासाठी बंद यंत्रं आहेत. रसायन आतल्या आत फिरतं, गाळून परत वापरलं जातं, वाफ बाहेर येत नाही. सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत एकच ओळ वाढवायची आहे: उघड्या भांड्यात रसायन ओतून केलेली चाचणी धरली जाणार नाही. त्या ओळीनंतर बाजार आपोआप वळेल.

काँक्रीटच्या कोअरच्या टोकांना वितळलेल्या गंधकाचा थर देऊन सपाट करायची पद्धतही अशीच सोडून द्यावी. टोकं घासून सपाट करता येतात.

*

नव्या, कमी कार्बनच्या सिमेंटबद्दल बरंच बोललं जातं. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळलेल्या सिमेंटला 2023 मध्ये भारतीय मानकही मिळालं, आयएस 18189. मला हे सिमेंट हवं आहे. पण एक अट घालतो. नवं साहित्य आधी सरकारी कचेऱ्यांत, विश्रामगृहांत, अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांत वापरा. पाच पावसाळे तपासा. मग घरकुलाला द्या. ज्या माणसाकडे दुसरं घर नाही त्याच्या छतावर पहिला प्रयोग करू नये.

भिंत कशाची आहे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं स्वतःच्याच घराच्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जण मेले. ती जुनीपुराणी नव्हती, जेमतेम सात-आठ वर्षांची होती. तिथल्या फ्लॅटचे कागद लोकांच्या कपाटात नीट ठेवलेले असणार.

*

आता माणसाला कमी तपासा म्हणजे काय, ते.

घरासाठी मदत करणाऱ्या योजना राज्यात कमी नाहीत. प्रधानमंत्री आवास आहे. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारधी समाजासाठी वेगळी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, बांधकाम मजुरांसाठी अटल आवास. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, खिडकी वेगळी. आपण कोणत्या खिडकीत बसतो हे शोधण्याचं काम अर्जदारावर टाकलेलं आहे. अर्ज एकच ठेवा. कोणत्या योजनेत बसवायचं ते कचेरीने ठरवावं, पगार त्याचाच मिळतो.

आणि दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो, जातीचा प्रांत देतो, आठ अ तलाठ्याकडे आहे, जॉब कार्ड ग्रामपंचायतीत आहे. सगळे कागद सरकारनेच लिहिलेले, सरकारच्याच संगणकात ठेवलेले. सरकारच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत ते पोचवायला मजुरी बुडवून बाईला का फिरवता? तिचा एक दिवस बुडतो तो तीन-चारशे रुपयांचा असतो, वर एसटीचं भाडं आणि सेवा केंद्राचे पैसे. गरिबीचा पुरावा जमवायला एवढे पैसे लागू नयेत.

गरीब कोण, यावरही सरकारचं एकमत नाही. केंद्राच्या शहरी आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणजे वर्षाला 3 लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब. म्हाडाच्या मोठ्या महानगरांतल्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न म्हणजे 6 लाखांपर्यंत. तेच कुटुंब एका खिडकीत दुर्बल ठरतं आणि दुसऱ्या खिडकीत ठरत नाही.

व्याजावरच्या अनुदानाचं तर फारच वाईट आहे. शहरी योजनेच्या 2024 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या 8 लाखांना चार टक्के सूट, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये. पण आधी बँकेने कर्ज दिलं पाहिजे ना? भाजीची गाडी लावणाऱ्याकडे पगाराची स्लिप नसते. धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे आयकराचं विवरण नसतं. ज्यांना सूट सर्वांत जास्त हवी, त्यांच्यापर्यंत ती पोचायचा रस्ताच बँकेच्या दारात बंद होतो. अशा कर्जाला सरकारने हमी दिली पाहिजे आणि वीजबिल, भाडं, बचतगटाची फेड हे पुरावे धरले पाहिजेत.

बांधकाम मजुराची गोष्ट सगळ्यांत कडू. कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते बहुतेकदा ठेकेदाराने द्यायचं. सही दिली की मजुराची नोंद झाली, नोंद झाली की जबाबदारी आली, म्हणून ठेकेदार सही टाळतो. बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर याच मजुरांच्या नावाने गोळा होतो. दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्याला स्वतःच्या घराचा अर्ज करायला तिसऱ्याची सही लागते. हजेरी बांधकामाच्या जागेवरच, उपकर भरतानाच नोंदवून घ्या. ठेकेदाराच्या मर्जीचा प्रश्नच राहणार नाही.

*

हे होऊ शकतं, याचा पुरावा सोलापूरजवळ कुंभारीला उभा आहे. तिथे 2006 मध्ये विडी कामगार बायकांची दहा हजारांवर घरं झाली, आदिवासींच्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. त्यानंतर तिथेच रे नगर: 30 हजार घरांचा प्रकल्प, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, शिलाईकाम करणारे यांच्यासाठी. 2019 मध्ये पायाभरणी, जानेवारी 2024 मध्ये पहिली 15 हजार घरं ताब्यात. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, सभा घेतल्या. अर्जाचं ओझं संघटनेने उचललं. विडी वळणाऱ्या बाईला एकटीने खिडक्या शोधत फिरावं लागलं नाही. जिथे संघटना नाही तिथे हे काम कोण करणार? ग्रामपंचायतीत आठवड्याचा एक दिवस ठरवा. त्या दिवशी अर्ज भरून देणारा माणूस खुर्चीवर बसलेला असेल आणि अपुरा कागद तो स्वतः मागवून घेईल.

*

सरकार हे सगळं करेल तेव्हा करेल. तुमच्या गावात आत्ता एखादं घरकुल चालू असेल, तर तीन चाचण्या उद्याच करा. रसायन लागत नाही, वीज लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाजाची वीट बाजूला काढा. एक वीट कमरेएवढ्या उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा, चांगली वीट फुटत नाही. मग एक कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा वजन करा. वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढलं तर ती भट्टी सोडा.

सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. तीन महिन्यांवरचं पोतं स्लॅबला घालू नका.

वाळूसाठी सरळ उभ्या भिंतीची काचेची बरणी घ्या. अर्धी वाळूने भरा, वर चिमूटभर मीठ टाकलेलं पाणी, जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. वाळू खाली बसेल, गाळाचा थर तिच्यावर वेगळा दिसेल. पट्टी लावून दोन्ही थर मोजा. गाळ वाळूच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त भरला, म्हणजे दहा सेंटिमीटर वाळूवर आठ मिलिमीटरहून जास्त, तर ती वाळू धुऊन घ्या. धुवायला पाणी नसेल तर परत पाठवा. 2025 च्या वाळू धोरणाने घरकुलाला मिळणाऱ्या मोफत पाच ब्रासमधली असली, तरीही परत पाठवा.